मालदीवची सफारी बोट : बयाणा देण्यापूर्वी

नोव्हेंबर २०२५ मध्ये आम्ही आठ जोडपी मालदीवला सात रात्री बोटीवर राहून आलो. तेव्हापासून भिवंडीच्या कापडबाजारात कोणी ना कोणी दुकानाच्या पायरीवर थांबतो आणि विचारतो, "शेठ, माणशी काय पडले?" प्रश्न सोपा दिसतो, पण तसा तो नाही. आम्हाला तोंडी सांगितलेला भाव एक होता, कागदावर आलेला दुसरा होता आणि शेवटी ठरला तो तिसराच. या तीन आकड्यांच्या मधे काय काय दडलेले असते ते व्यापारी बंधूंना आधी ठाऊक असावे, एवढ्यासाठी हे लिहीत आहे.

आमची आठ दुकानदारांची जुनी भिशी आहे. महिन्याला ठरलेली रक्कम, चिठ्ठी टाकायची, ज्याची निघेल त्याने उचलायची, व्याजबट्टा नाही. एके वर्षी ठरले की दोन फेऱ्या कोणीच उचलायच्या नाहीत, त्या पैशांत सगळ्यांनी बायकांना घेऊन सफर करायची. पैसा माझ्याकडे जमा झाला. स्वतःच्या पैशात ठोकर बसली तर माणूस घरी गप्प राहतो. हा आठ घरांचा पैसा होता, अमानत होती, आणि आठांपैकी दोन घरे अशी की ज्यांचा गेल्या दोन वर्षांत धंदा चांगलाच बसला होता. तेव्हा मी बोटीच्या भावाकडे तसेच पाहिले जसे सुताच्या भावाकडे पाहतो.

ही बोट म्हणजे नेमके काय

मालदीव हा देश समुद्रात उत्तर-दक्षिण आठशे किलोमीटरहून अधिक पसरलेला आहे. सुमारे १,२०० लहान बेटे, त्यांपैकी वस्ती सुमारे दोनशे बेटांवर. ही बेटे प्रवाळाच्या मोठमोठ्या कड्यांवर बसलेली आहेत, तशी २६ कडी आहेत. जगभर भूगोलाच्या पुस्तकात ज्याला ॲटॉल म्हणतात तो शब्द मुळात तेथल्याच धिवेही भाषेचा. लक्षद्वीपमधील मिनिकॉय बेटावरचे आपले भारतीय लोकही हीच भाषा बोलतात.

परदेशी पाहुण्यांचा धंदा तेथे १९७२ मध्ये सुरू झाला. त्याची रीत अशी की एका बेटावर एक हॉटेल. पाहुणा विमानाने उतरतो, स्पीडबोटीने किंवा पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने त्या बेटावर जातो आणि आठवडाभर तेथेच राहतो. दुसरे बेट पाहायचे तर प्रत्येक वेळी वेगळे भाडे. सफारी बोटीचा हिशेब याच्या उलट. खोली, स्वयंपाक, नोकरचाकर सगळे बोटीवर, आणि बोट रोज पुढच्या बेटाकडे सरकते. त्यांच्या जाहिरातीत याला यॉट म्हणतात. शिडे पाहायला मिळतील अशा आशेवर जाऊ नये. बहुतेक बोटी डिझेल इंजिनाच्या, दोन-तीन मजली, सहा ते तेरा केबिनच्या असतात. जनरेटर दिवसरात्र चालतो, समुद्राचे पाणी यंत्राने गोडे केले जाते. सोबत एक छोटी होडी चालते, तिला ते धोणी म्हणतात. आपल्या डोणीचीच ती बहीण वाटते. पाण्यात डुबकी मारणाऱ्यांच्या हवेच्या टाक्या आणि त्या भरण्याचे यंत्र त्या धोणीवर असते, म्हणजे यंत्राची घरघर पाहुण्यांच्या कानापासून दूर राहते.

आमच्या बोटीवर दहा माणसे होती. कॅप्टन, इंजिनवाला, धोणीचा वेगळा नाखवा, पाण्यात बरोबर उतरणारा वाटाड्या, भंडारी म्हणजे स्वयंपाकी आणि त्याचा हाताखालचा, बाकीचे केबिन आणि डेकवरचे. कॅप्टन मालदीवचा, भंडारी सिल्हेटचा. बांगलादेशी कामगार त्या देशात फार मोठ्या संख्येने आहेत. सोळा पाहुण्यांमागे दहा नोकर म्हटल्यावर भाड्यातला मोठा हिस्सा कुठे जातो ते लक्षात येईल. दुसरा मोठा हिस्सा डिझेलचा.

एक गोष्ट आधी समजून घ्यावी, कारण वेळापत्रक तीवर उभे आहे. या बोटी साधारणपणे दिवसाच चालतात. ॲटॉलच्या आत पाण्याखाली जागोजाग प्रवाळाचे खडक आहेत आणि कॅप्टन ते पाण्याच्या रंगावरून ओळखतो. गडद निळे म्हणजे खोल, हिरवट म्हणजे उथळ, तपकिरी दिसले की खडक. ऊन डोक्यावर असताना हे रंग स्वच्छ दिसतात, संध्याकाळी तिरप्या उन्हात दिसत नाहीत. म्हणून रात्री एखाद्या आडोशाच्या लगूनमध्ये नांगर. ज्याला वाटते की रात्री झोपेत प्रवास होईल आणि आठवड्यात सगळा मालदीव पाहून होईल, त्याने नकाशा उघडून बसावे. एका आठवड्यात दोन किंवा तीन ॲटॉल होतात, जास्त नाही.

केबिन घ्यावी की अख्खी बोट

बोट दोन प्रकारे मिळते. एक, माणशी जागा घ्यायची. बाकीच्या केबिनमध्ये कोण येईल ते मालक ठरवणार. दुसरा प्रकार, अख्खी बोट आठवड्यासाठी आपली. पहिल्यात रिकाम्या केबिनचा तोटा मालकाचा, दुसऱ्यात आपला. व्यापाऱ्याचा हात साहजिकच पहिल्याकडे जातो, माझाही गेला होता. पण घरच्यांनी एकच सवाल केला : "तुमच्या हिशेबात आमची मोकळीक धरली आहे का?" परक्या पाहुण्यांच्या गर्दीत बायका सात दिवस केबिनमध्येच बसणार असतील तर त्यांना नेऊन उपयोग काय? अख्खी बोट घेतली तर डेक आपले, जेवणाचे टेबल आपले, आणि कॅप्टनला सांगता येते की ज्या वाळूच्या पट्ट्यावर दुसरी बोट नाही तेथे घेऊन चल. म्हणून अख्खी बोट. आठ केबिन, आठ जोडपी, एकही जागा रिकामी नाही. कागदावर हिशेब अगदी चोख होता.

भाव : एक्स-मिल आणि दुकानपोच

आम्ही ज्याच्यामार्फत बोट घेतली त्या मुंबईच्या एजंटाचे नाव येथे लिहीत नाही. खरा आकडाही सांगत नाही, तो आमच्यात आणि बोटमालकात राहू द्यावा. समजण्यासाठी गोल आकडा घेऊ. समजा एजंट म्हणाला, सात रात्रींचे माणशी १,२०० डॉलर, जेवणखाण धरून. सोळा जणांचे १९,२०० डॉलर. मी हा आकडा भिशीच्या बैठकीत सांगितला, सगळ्यांनी मान डोलावली. माझी चूक येथे झाली. मी एक्स-मिल भाव ऐकून दुकानपोच समजलो. तीस वर्षे कापडाची खरेदी केलेल्या माणसाला हे शोभत नाही, पण समुद्राच्या रंगीत चित्रांनी भलेभले फसतात.

करार हाती आला तेव्हा खाली बारीक अक्षरात तीन ओळी होत्या. पहिली, १० टक्के सेवाशुल्क. हे नोकरांच्या वाट्याचे असते आणि मालदीवच्या हॉटेल धंद्यात ते सर्रास लागते. बाराशेचे झाले १,३२०. दुसरी, पर्यटन जीएसटी. तेथला हा कर २०११ मध्ये साडेतीन टक्क्यांनी सुरू झाला आणि चढत चढत २०२३ च्या जानेवारीत १६ व १ जुलै २०२५ पासून १७ टक्के झाला. तो मूळ भाड्यावर नव्हे, सेवाशुल्क धरून झालेल्या रकमेवर बसतो. १,३२० वर १७ टक्के म्हणजे २२४ डॉलर ४० सेंट. तिसरी, ग्रीन टॅक्स. सफारी बोटीवर तो माणशी दर रात्री ६ डॉलर होता, १ जानेवारी २०२५ पासून १२ झाला. सात रात्रींचे ८४. बेरीज करा : १,६२८ डॉलर ४० सेंट. बाराशेच्या भावावर ४२८ डॉलर चढले, छत्तीस टक्क्यांच्या आसपास. सोळा डोक्यांवर हा फरक ६,८५४ डॉलरचा होतो. यात नोकरांची बक्षिसी नाही आणि विमानाचे तिकीट नाही.

एजंटाने लबाडी केली असे मी म्हणणार नाही. त्याच्याकडचे दरपत्रक जुने होते, त्यात ग्रीन टॅक्स सहाच होता आणि जीएसटी सोळाच. पण करारात वाक्य होते की कर प्रवासाच्या दिवशी जो असेल तो. आम्ही एप्रिलमध्ये बोलत होतो, सफर जुलैनंतरची. म्हणजे मधल्या काळात सरकारने जे वाढवले ते आमच्या डोक्यावर. सुताच्या सौद्यात कर वाढला तर कोण भरणार हे आपण पहिल्याच चिठ्ठीत लिहून घेतो. बोटीच्या सौद्यात ते विचारायचे सुचत नाही.

पुढच्या बैठकीत मी नवा आकडा ठेवला. दोन घरे उठली. त्यांनी काही तक्रार केली नाही, फक्त म्हणाले, "तुम्ही जाऊन या, आमची पुढे पाहू." आणि तेव्हा अख्ख्या बोटीच्या सौद्याचे दुसरे टोक टोचले. बोटीचे भाडे बोटीचे असते, माणसाचे नसते. दोन केबिन रिकाम्या राहिल्या तरी १९,२०० द्यायचेच. ते बारा जणांत वाटले तर कर लागण्याआधीच माणशी १,६०० होतात. म्हणजे दोन घरे गेली की तिसरेही जाणार, आणि बयाणा भरलेला. मला दोन रात्री झोप लागली नाही.

वाट निघाली ती सीझनमधून. मालदीवला दोन वारे. ईशान्येकडून येणारा, त्याला ते इरुवाई म्हणतात, साधारण डिसेंबर ते एप्रिल : समुद्र शांत, आकाश मोकळे, भाव चढा. नैर्ऋत्येचा, हुल्हंगू, मे ते ऑक्टोबर : वारा, लाटा, पाऊस, भाव उतरलेला. आम्ही जानेवारीचा आठवडा मागितला होता, म्हणजे ऐन लग्नसराईत शालू घ्यायला जाण्यासारखे. नोव्हेंबर हा दोन्ही वाऱ्यांच्या मधला काळ. दिवाळी आटोपलेली, आपला बाजारही आठ-दहा दिवस थंड. मी एजंटाला म्हटले, हीच बोट नोव्हेंबरच्या मध्यात दे आणि मला एकच आकडा सांग, ज्यात सेवाशुल्क, जीएसटी, ग्रीन टॅक्स, ठरलेल्या मार्गाचे डिझेल, विमानतळापासून ने-आण सगळे आले. मालकाने दोन दिवस घेतले आणि तसा आकडा लेखी दिला. तो पहिल्या तोंडी आकड्याहून थोडाच जास्त होता. उठलेली दोन घरे परत बसली.

येथे एक खुलासा करतो, कारण काही वाचक मोठ्या खासगी यॉटबद्दल विचारतात. त्यांची रीत वेगळी आहे, आणि कॅरिबियन समुद्रात किंवा युरोपात ती रूढ आहे. तेथे मूळ भाडे फक्त बोट आणि खलाशांचे. जेवण, डिझेल, बंदराचे पैसे यासाठी भाड्याच्या सुमारे २५ ते ३५ टक्के रक्कम वेगळी आगाऊ द्यायची. त्याला ए.पी.ए. म्हणतात. कॅप्टन त्यातून खर्च करतो, पावत्या ठेवतो, उरले तर परत देतो, कमी पडले तर मागतो. आडत्याकडे पेशगी ठेवावी तसाच प्रकार. हिशेब मागायला लाज वाटत नसेल त्याला ही रीत बरी. कॅरिबियनमध्ये सगळे धरून एकच भाव देणाऱ्या बोटीही असतात, पण त्या भावात बहुधा दारूचा खर्च गृहीत असतो. न पिणाऱ्याने तो का भरावा? मालदीवच्या सफारी बोटींवर साधारणपणे पिण्याचे बिल वेगळे असते. त्या देशात पाहुण्याला बाहेरून दारू आणता येत नाही, वस्तीच्या बेटांवर ती विकली जात नाही. रिसॉर्ट आणि सफारी बोटीवर मात्र परवानगी आहे. आमच्या करारात आम्ही लिहून घेतले की त्या आठवड्यात बोटीवरचा बार बंद आणि भांडारात मांस फक्त हलाल. मालकाने कुठलीही खळखळ केली नाही. उलट भंडारी खूश झाला.

पाऊस पडला तर कोणाचा?

करारातली रद्द करण्याची कलमे भावापेक्षा जास्त वेळ देऊन वाचावीत. बयाणा साधारणपणे परत मिळत नाही. उरलेली रक्कम निघण्याच्या दोन-तीन महिने आधी भरायची असते आणि त्यानंतर रद्द केले तर जवळजवळ सगळेच जाते. जानेवारी २०२४ मध्ये लक्षद्वीपच्या छायाचित्रांवरून दोन देशांत वाद पेटला आणि आपल्याकडे मालदीवला जाऊ नका अशी हाक उठली, तेव्हा पुष्कळांनी आरक्षणे रद्द केली. २०२३ मध्ये दोन लाखांवर भारतीय तेथे गेले होते, ते सगळ्या देशांत पहिले होते. २०२४ मध्ये ती संख्या मोठ्या प्रमाणात घटली. राग ज्याचा त्याचा, पण कराराच्या कागदात रागाचे कलम नसते. प्रवासाचा विमा काढताना कोणत्या कारणाने रद्द केले तर पैसे मिळतील ते वाचून घ्यावे.

हवामानाचे कलम सगळीकडे सारखेच : मार्ग बदलण्याचा, थांबण्याचा अखेरचा अधिकार कॅप्टनचा, आणि त्यापायी काही परत मिळणार नाही. वाचताना हे जुलमी वाटते. पुढे आम्हालाच त्याचा अनुभव आला.

पैसे बँकेमार्फतच पाठवावेत, बोटमालकाच्या कंपनीच्या नावाने पावती घ्यावी. परदेशी सहलीच्या पॅकेजवर आपल्याकडे टीसीएस कापला जातो, तो दर बदलत असतो. मात्र तो खर्च नव्हे, आयकरात वळता करून मिळतो, तेव्हा प्रमाणपत्र सी.ए.कडे द्यायला विसरू नये. बोट मालदीवच्या पर्यटन मंत्रालयाकडे नोंदलेली आहे का तेही पाहावे. व्हिसाची भानगड नाही, उतरल्यावर मोफत मिळतो. फक्त निघण्याआधीच्या ९६ तासांत त्यांचा प्रवासी जाहीरनामा भरावा लागतो. परतीच्या वेळी तेथले विमानतळाचे कर परदेशी प्रवाशाला चांगलेच भारी आहेत, साध्या वर्गालाही १०० डॉलर, पण ते तिकिटातच घेतले जातात.

सारंगचाचांचे तीन प्रश्न

आमच्या शेजारी रत्नागिरीकडचे एक वयोवृद्ध गृहस्थ राहतात. उभी हयात परदेशी जहाजांवर काढली, सारंग म्हणून निवृत्त झाले. करार घेऊन मी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी भावाकडे पाहिलेही नाही. म्हणाले, "बेटा, तीन गोष्टी विचार. रात्री जागतो कोण? लाइफजॅकेट मोजून किती? आणि झोपायच्या खोलीतून बाहेर पडायच्या वाटा किती?"

मी म्हटले, "चाचा, बोट तर रात्री नांगरलेली असते, तेव्हा जागायचे कशाला?"

ते म्हणाले, "नांगरलेली बोटच जळते. चालत्या बोटीवर माणूस जागा असतो."

नंतर मी चौकशी केली. सप्टेंबर २०१९ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ कन्सेप्शन नावाची अशीच पाहुण्यांना डुबकीसाठी नेणारी बोट रात्री नांगरावर असताना पेटली. खालच्या मजल्यावर झोपलेले ३३ पाहुणे आणि एक खलाशी असे ३४ जीव गेले. रात्रीचा फिरता पहारा नव्हता हे चौकशीत निघाले. पुढे कॅप्टनला न्यायालयाने दोषी धरले. आज अशा बोटीवर आग लागण्याचे कारण म्हणून मोबाइल आणि कॅमेऱ्यांच्या बॅटऱ्या रात्रभर चार्जिंगला लावण्याकडे बोट दाखवले जाते. आम्ही चाचांचे तिन्ही प्रश्न लेखी पाठवले. उत्तर आले : रात्री दोन माणसे पाळीने जागतात, लाइफजॅकेट २८, प्रत्येक मजल्यावरून दोन वाटा. बोटीवर चढल्यावर पहिल्याच तासात मी जॅकेट मोजली. आमच्या मंडळींनी चेष्टा केली. पण दुसऱ्या रात्री तीन वाजता मी डेकवर गेलो तेव्हा पहाऱ्यावरचा मुलगा जागा होता, ही गोष्ट मी नाश्त्याला सगळ्यांना मुद्दाम सांगितली.

सात दिवस

मुंबईहून माले सुमारे तीन तास. विमानतळाच्या बाहेर पायऱ्या उतरलात की समुद्रच. धोणी आम्हाला घेऊन बोटीवर आली. बोटीच्या नावाची पाटी त्यांच्या थाना लिपीत होती. उर्दूसारखीच उजवीकडून डावीकडे, म्हणून पहिल्या क्षणी वाचता येईल असे वाटले आणि एक अक्षर लागेना. कॅप्टनने सांगितले की त्यांची पहिली नऊ अक्षरे अरबी आकड्यांवरून घडवलेली आहेत. हिशेबी माणसांची लिपी म्हणायची.

पहिल्या दिवशी दक्षिणेकडे वावू ॲटॉल. ॲटॉलच्या आत पाणी तलावासारखे, पण दोन ॲटॉलच्या मधली खाडी ओलांडताना बोट डोलते आणि ज्यांनी भरपेट नाश्ता केला त्यांना पस्तावा होतो. गोळ्या आदल्या रात्री घ्याव्यात. फुलिधू नावाच्या वस्तीच्या बेटाशी नांगर टाकला. तेथे उतरायचे तर अंगभर कपडे, पोहण्याचे कपडे फक्त ठरलेल्या किनाऱ्यावर. आम्हाला यात अवघड काही नव्हते. गोऱ्या पाहुण्यांना मात्र त्यांचे वाटाडे पुनःपुन्हा समजावताना दिसले.

तिसऱ्या दिवशी कलम कामाला आले. पहाटेपासून काळे ढग, जोराचा पाऊस, आरी ॲटॉलकडे जायला कित्येक तासांचा खुला समुद्र. कॅप्टन म्हणाला, आज नाही. आमच्यातले एकदोघे चिडले, दिवसाचा एवढा पैसा, काही तरी करा म्हणाले. कॅप्टनने उत्तर दिले नाही, डेकवर नेऊन फक्त बाहेर बोट दाखवले. खुल्या समुद्रावर पांढऱ्या लाटा फुटत होत्या. मग सगळे निमूट खाली आले. तो दिवस चहा, पत्ते आणि भंडाऱ्याच्या भज्यांवर गेला. मोबदला मिळाला नाही, मिळणारही नव्हता. ज्याच्या हाती बोट त्याच्याच हाती हा निर्णय हवा हे मला त्या दिवशी पटले. पाहुणा पैशाकडे पाहतो.

नांगरलेली बोट वाऱ्याबरोबर सारखी फिरते. सकाळी डावीकडे असलेले बेट दुपारी उजवीकडे. नमाजाच्या वेळी प्रत्येक वेळी कॅप्टनला विचारायचे, तो होकायंत्र पाहून पश्चिमेच्या उत्तरेला हात दाखवायचा. एकदा तर उभे राहिल्यानंतर बोटच वळली.

चौथ्या दिवशी दक्षिण आरी. तेथला समुद्र २००९ पासून संरक्षित आहे आणि व्हेल शार्क हा प्रचंड पण निरुपद्रवी मासा बारा महिने दिसतो अशी ख्याती आहे. दोन फेऱ्या मारल्या, आम्हाला दिसला नाही. मासा दिसेल अशी हमी करारात नसते, तसे कोणी तोंडी सांगितले तर हसून सोडून द्यावे. मुशी मात्र पुष्कळ दिसल्या. २०१० मध्ये त्या देशात त्यांच्या शिकारीला बंदी आली. प्रवाळ मात्र जागोजाग पांढरे पडलेले आहे. १९९८, २०१६ आणि २०२४ या वर्षी समुद्र तापून तेथले प्रवाळ मोठ्या प्रमाणात फटफटले. जाहिरातीतले रंग आता सगळीकडे मिळणार नाहीत, हे एजंट सांगत नाही.

पाचवा दिवस बायकांचा. कॅप्टनने एक निर्जन वाळूचा पट्टा शोधला, दोनशे पावलांत संपेल एवढा. बायकांना धोणीने तेथे सोडले, आम्ही पुरुष बोटीवर राहिलो आणि बोट पट्ट्याच्या दुसऱ्या अंगाला नेली. दुपारी त्या परत आल्या तेव्हा साठीच्या एक भाभी, ज्यांनी आयुष्यात गुडघ्याच्या वर पाण्यात पाय घातला नव्हता, त्या जॅकेट घालून पाण्यावर तरंगल्याचे सगळ्या एकदमच सांगत होत्या. अख्खी बोट घेण्याची किंमत त्या एका दुपारी वसूल झाली असे आमच्या घरच्यांचे मत आहे.

जेवणाबद्दल थोडे. सकाळी मास हुनी म्हणजे टुना मासा, खोबरे, कांदा आणि मिरची कालवून, सोबत रोशी नावाची पोळी. कोकणच्या माणसाला हे घरचेच वाटेल. टुना ते गळाने एकेक पकडतात. मांस, भाजी, तांदूळ, कांदा सगळे बाहेरून येते, म्हणून तेथे प्रत्येक वस्तू महाग.

शेवटच्या दिवशी मालेत तीन तास मिळाले. १६५८ मध्ये प्रवाळाच्या दगडात बांधलेली जुनी जुम्मा मशीद पाहिली. दगडावरचे कोरीवकाम कसबी काठासारखे बारीक आहे. एका दुकानात फेली दाखवली, हे तेथले जुने जाडसर कापड, काळ्यावर पांढरे-तपकिरी पट्टे, लुंगीसारखे नेसायचे. बाकी कापड सगळे आयात. एकोणिसाव्या शतकात मालेची आयात-निर्यात मुंबईच्या बोहरा व्यापाऱ्यांच्या हाती होती. तांदूळ-कापड तिकडे जायचे, सुकी मासळी, काथ्या नि कवड्या परत यायच्या. आज दुकानातल्या थानांवरचे शिक्के मी उलटून पाहिले. भिवंडीचा माल नव्हता.

बोट सोडताना दोन हिशेब झाले. नोकरांची बक्षिसी पाकिटात घालून कॅप्टनच्या हाती द्यायची, तो दहांत वाटतो. रक्कम आम्ही निघण्याआधीच भिशीत ठरवून वेगळी ठेवली होती, म्हणून शेवटच्या क्षणी कुजबूज झाली नाही. दुसरे, किरकोळ बिल : पाण्यात पाहायचा एक चष्मा समुद्रात गेला होता त्याचे २५ डॉलर. ज्याने हरवला तो स्वतः भरायला निघाला, बाकीच्यांनी भरू दिले नाहीत. सगळे जाऊन माझ्याकडे २०८ डॉलर शिल्लक राहिले, घरटी २६. सहा घरांनी ते घेतले. परत बसलेल्या दोन घरांनी पुढच्या भिशीत आमच्या नावे जमा करा म्हणून सांगितले, त्याप्रमाणे वहीत मांडले आहे.